एकवीस-बीवरचा रुमाल

रुमाल टाकण्याची विद्या शिकवणारी शाळा सरकारनं काढली नाही, यात नुकसान सरकारचंच झालं. काढली असती तर मुख्याध्यापकाच्या खुर्चीसाठी मला अर्जही करावा लागला नसता. पाटबंधारे खात्यात मी नोकरी केली ती उमरेडला आणि राहिलो नागपुरात, म्हणजे जन्मभर अपडाऊन. अपडाऊन करणाऱ्याची खरी नोकरी ऑफिसात नसते, बस स्टँडवर असते. एसटी फलाटाला लागायच्या आधीच तिच्या बाजूनं धावायचं, काच सरकलेली खिडकी हेरायची आणि रुमाल आत असा सोडायचा की तो सीटवर मांडी घालून बसला पाहिजे. एकदा रुमाल पडला की पडला. मग दारातून आमदार चढो नाहीतर आगार व्यवस्थापक, त्या सीटला कोणी हात लावत नसे.

एकदा वैशाखातल्या वावटळीत माझा रुमाल उमरेडच्या बसऐवजी शेजारच्या भंडाऱ्याच्या बसमध्ये जाऊन पडला. ती सीट भंडाऱ्यापर्यंत रिकामी गेली. लोक दांड्याला लोंबकळले, पण रुमालाच्या वाटेला कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं तो इस्त्री करून परत आणून दिला आणि वर विचारलं, "साहेब, काल काहून नाही आले?" खोटं वाटत असेल तर भंडाऱ्याला जाऊन विचारा. कंडक्टर आता हयात नाही, पण भंडारा आहे.

आमची बायको अंजनाबाई मात्र या विद्येला कधी वश झाली नाही. ती धावत नसे, रुमाल टाकत नसे. बस गच्च भरली की शांतपणे चढायची आणि शहराबाहेरचा दिघोरी नाका यायच्या आत कुठंतरी बसलेली असायची. मी धापा टाकत जिंकलेल्या सीटवरून वळून पाहायचो, तर ही खिडकीशी. हे कसं होतं, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. गुरूनं शिष्येला असं विचारायचं नसतं.

तर झालं असं, की आमची सून रोशनी दुसऱ्या बाळंतपणाला कामठीला माहेरी आली होती. बाळ चांगलं बाळसेदार झालं, आता पुण्याला परत जायची वेळ आली. आमचा प्रेमानंद पुण्यात नोकरीला. त्यानं विमानाची तिकिटं काढली: रोशनी, तिच्या मांडीवर बाळ, पाच वर्षांची मैत्री आणि सोबतीला आम्ही दोघं. मी आणि अंजनाबाई विमानात पहिल्यांदाच बसणार होतो. मनीषनगरात आमच्या गच्चीवरून विमानाचं पोट रोज दिसतं, पण पाठ पाहायचा योग आला नव्हता.

फोनवर प्रेमानंद म्हणाला, "बाबा, सीटा मी घेऊन ठेवल्या आहेत. एका रांगेत रोशनी, मैत्री अन् आई, मधल्या चालायच्या रस्त्याच्या पलीकडे तुम्ही. तुमच्या मोबाईलवर पाठवतो. फक्त पाहा. कशाले हात लावू नका."

हात लावू नका, हे मला! ज्याचा रुमाल भंडाऱ्यापर्यंत गेला, त्याला!

रोशनीची मागणी एकच होती. "बाबा, बाकी कसंही चालते, पण मैत्री माझ्याजवळ पाह्यजे. तिले माह्या कान लागते."

याचा खुलासा करतो. आमच्या नातीला झोप येताना किंवा भीती वाटताना कोणाच्या तरी कानाची पाळी बोटांत धरायला लागते. कोणाच्या तरी म्हणजे आईच्याच. माझा कान तिनं एकदा धरून पाहिला आणि "यात केस आहेत" म्हणून परत केला. आईचा कान नसेल तर ती जे रडते, त्याला आमच्या इमारतीत भोंगा म्हणतात. रडायला लागली की वरच्या मजल्यावरचे लोक पाणी आलं समजून नळ सोडतात. विमानात भोंगा वाजला तर पुण्यापर्यंत थांबवायचा कसा, ही रोशनीची खरी काळजी. मी म्हटलं, "बेटा, तू फिकर करू नको. जागेचं काम माह्याकडं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मनोहरराव आले.

मनोहरराव समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते सिंगापूरला जाऊन आले. त्याला बरीच वर्षं झाली, पण बॅगेच्या मुठीला विमानतळावर गुंडाळतात ती कागदी पट्टी त्यांनी अजून काढली नाही. तीच बॅग घेऊन ते भाजीला जातात, आणि भाजीवाली त्यांना मेथी महाग देते.

मोबाईल नाकापासून लांब धरून ते म्हणाले, "धोंडबाजी, ह्या सीटा कोण्या अडाण्यानं घेतल्या?"

"प्रेमानंदनं."

"तरीच. तीनच्या तीन एका लायनीत घ्यायच्या नसतात जी! खिडकीची घ्यायची, रस्त्याकडची घ्यायची, मधली सोडून द्यायची. मधली सीट जगात कोणालेच नाही पाह्यजे. ते रिकामीच राहते. चार माणसं, दोन लायनी, सहाच्या सहा सीटा आपल्या! लेकरू आडवं झोपवा, डबा ठेवा, पाय पसरा. मी सिंगापूरले असाच गेलो."

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. ही तर माझीच विद्या! न दिसणारा रुमाल! मधल्या सीटवर कोणी नसून कोणीतरी असणं, यालाच तर आम्ही जन्मभर रुमाल म्हणत आलो.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या सिंधूताई कढीपत्ता मागायला आल्या. सल्ला देण्यासाठी सिंधूताईंना विषय माहीत असावा लागत नाही. "विमान चढलं की लेकराले जोरात रडू द्या," त्या म्हणाल्या. "कान मोकळे होते. अन् धोंडबाभाऊ, पुकारा झाला की सगळ्यात पह्यले तुम्ही घुसा. लेकरंवाल्याइले पह्यले सोडतात. माही पिंकी सांगत होती. पण लेकरू वर धरा, दिसलं पाह्यजे."

अंजनाबाई कढीपत्ता देता देता एवढंच म्हणाली, "पोरानं हात लावू नका म्हटलं नं?"

"हौ, हौ," मी म्हटलं, आणि बाथरूममध्ये जाऊन हात लावला. अंगठा दोनदा घसरला. एकदा एका सीटवर मांसाहारी जेवण नोंदलं गेलं, ते काढलं. शेवटी एकवीसच्या रांगेत मैत्री खिडकीला आणि रोशनी रस्त्याला, बावीसच्या रांगेत अंजनाबाई खिडकीला आणि मी रस्त्याला. मधल्या दोन्ही जागा मोकळ्या. बाहेर आलो तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की हात धुवायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी सोनेगावच्या विमानतळावर पोचलो. तिथली मंडळी फार सभ्य. माझा पट्टा काढून घेतला तोसुद्धा "सर" म्हणून. आत बसायच्या ठिकाणी मी फलाट शोधून काढला, म्हणजे त्यांच्या भाषेत गेट, आणि दाराकडे तोंड करून, एक पाय पुढे टाकून उभा राहिलो.

"बसा नं," अंजनाबाई म्हणाली. "अजून विमानच नाही आलं."

"म्हणूनच उभा हावो. आल्यावर सगळेच उभे राहतात."

आणि पुकारा झाला. लहान मुलं असलेल्या कुटुंबांनी आधी यावं. झालं! मी मैत्रीला खांद्यावर घेतलं, लेकरू दिसलं पाहिजे म्हणून होता होईल तेवढं उंच केलं आणि सुटलो. एसटीचा नियमच आहे, गडी पुढे जाऊन जागा धरतो, बायकालेकरं मागून येतात.

दारावर प्रीती नावाची पोरगी होती, तिच्या छातीवर तसं लिहिलं होतं. ती हसून म्हणाली, "काका, बाळाची आई?"

"मागून येऊन राहिली. मी जागा धरतो."

"जागा ठरलेल्या आहेत, काका."

"त्या तं एसटीतही ठरलेल्या राहतात, बेटा. पण धराव्या लागतात."

"कुटुंब एकत्र सोडतो आम्ही. सगळ्यांना येऊ द्या."

मी वळून पाहिलं. रोशनी शांतपणे बाळाचं दूध झाकत होती. अंजनाबाई कोणाशी तरी बोलत होती. आणि माझ्या मागे ही एवढी रांग लागलेली! लहान मुलं असलेल्या कुटुंबांची रांग बाकीच्या रांगेपेक्षा लांब झाली होती. माझ्या मागच्या गृहस्थानं ज्याला हाताला धरून पुढे केलं होतं, त्या बालकाला मिशा होत्या. गृहस्थ प्रीतीला सांगत होता, "आमचा लहाना आहे हा." लहान मूल म्हणजे लग्न न झालेलं, असा नागपुरात साधा हिशेब आहे. प्रीतीनं त्या बालकाकडे पाहिलं, बालकानं लाजून मिशीवरून हात फिरवला, आणि तिनं दोघांना अशा गोडीनं बाजूला केलं की ते आभार मानत गेले. मी मनात म्हटलं, ही पोरगी एसटीत कंडक्टर असती तर विदर्भात भांडणं झाली नसती.

आमची वरात आली आणि आम्ही खरोखरच सगळ्यांच्या आधी आत गेलो. आणि पुढे काय उभं असावं? बस!

विमानापर्यंत न्यायला बस. मला भरून आलं. जन्म ज्यात गेला, ते वाहन म्हातारपणी असं समोर यावं! सवयीनं मी सगळ्यांना घेऊन बसच्या अगदी टोकाला गेलो, चांगली जागा पकडली आणि मग मागून सारं विमान त्या बसमध्ये भरलं. बस विमानापाशी थांबली, दारं उघडली आणि जे शेवटी चढले होते ते सगळ्यात आधी उतरले. मिशावालं बालकही उतरलं. आम्ही, लहान मुलं असलेलं मानाचं कुटुंब, टोकाला भिंतीशी चिकटून. त्या क्षणी मला कळलं, की सन्मानानं पुढे सोडणं आणि पद्धतशीरपणे मागे ठेवणं यांत एका बसचं अंतर असतं.

पण धोंडबा असा हरणारा नव्हे. मी सगळ्यांना म्हटलं, "तुम्ही या आरामात," आणि कोपरं पुढे करून निघालो. शेपटीकडच्या जिन्यानं चढलो. बॅगा वर कोंबणाऱ्या लोकांच्या काखेखालून वाकून एकवीसच्या रांगेपाशी पोचलो. मधली रिकामी! बावीसची मधली रिकामी! पण विमान भरत होतं, आणि न दिसणाऱ्या रुमालावर किती विसंबायचं? मी खिशातून खरे रुमाल काढले. एक एकवीस-बीवर पसरला, एक बावीस-बीवर. असे पसरले की त्यांना पट्टा बांधावासा वाटला.

आमची मंडळी आली. मैत्री खिडकीला बसली, रोशनी बाळाला घेऊन रस्त्याकडे. तिनं मधल्या रुमालाकडे पाहिलं.

"बाबा, हे काय?"

"आपलीच आहे. मैत्रीला सरकव तुझ्याकडं."

तेवढ्यात रस्त्यात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. बोर्डिंगचा कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी कागद पाहिला, रांग पाहिली, रुमाल पाहिला.

"हा रुमाल कोणाचा?"

"आमचा," मी मागून म्हटलं.

"मंग इथं कोण बसून राहिलं?"

"रुमाल."

ते वाकले, दोन बोटांच्या चिमटीत माझा रुमाल उचलला आणि जवळ आलेल्या हवाईसुंदरीच्या हातात दिला, जसा कोणाचा तरी दात सापडावा तसा. जन्मात पहिल्यांदा माझा रुमाल कोणी उचलला! आणि उचलणारा कोण? अंजनाबाईनं त्यांच्या पिशवीवर छापलेलं गावाचं नाव वाचून लगेच विचारलं, "भाऊ, उमरेडचे का?"

"हौ. गणपतराव. कापडाचं दुकान हाये बाजारात."

उमरेडचा! उमरेडच्या माणसानं रुमाल उचलला! मी खाली बसलो. 

बावीस-बीची कहाणी एका ओळीची. तिथं गुंजन नावाची कॉलेजची पोरगी आली. अंजनाबाई म्हणाली, "बाई, तुले खिडकी पाह्यजे का?" पोरगी "सच्ची, आजी?" म्हणून खिडकीत उडाली, दुसरा रुमाल तिनं घडी घालून मला दिला, अंजनाबाई माझ्या बाजूला सरकली, संपलं.

एकवीसची मात्र पोथी झाली. गणपतराव मधे बसले होते. एका बाजूला मैत्री, दुसऱ्या बाजूला तिची आई, म्हणजे तिचा कान. मैत्रीचा खालचा ओठ बाहेर यायला लागला होता. भोंग्याची पहिली खूण.

रोशनी म्हणाली, "काका, तुम्ही खिडकीत बसता का? मुलीला माझ्याजवळ घेते."

"नाही."

"मग इकडं रस्त्याकडं या. मी मधे येते."

"नाही."

मी उठलो. "गणपतराव, जगातला नियम हाये, मधली सीट कोणालेच नाही पाह्यजे. तुम्हाले खिडकी देऊन राहिलो आम्ही. फुकट!"

"माह्या कागदावर एकवीस-बी लिहून हाये," ते समोर पाहत म्हणाले. "जे लिहून हाये ते हाये. मी कायद्यानं बसलो."

"मंग मागं बावीस-बीवर या. बी ची बी."

"बी ची बी कशी? वजन पाहून बसवतात माणसं. तुम्ही इकडचं तिकडं करान, अन् विमान एका अंगाले जाईन."

विमानात लोकशाही फार लवकर येते. तेवीसमधला माणूस म्हणाला, वृद्धांना उठवू नये. वीसमधली बाई म्हणाली, लेकराला आईपासून तोडू नये. कोणीतरी मागून ओरडला, "अरे, इनको आगे भेज दो बे!" मिशावालं बालक उठून म्हणालं, "माझी सीट घ्या," पण त्याच्या वडिलांनी त्याला खाली बसवलं.

हवाईसुंदरी आली. माझा रुमाल तिच्या हातात तसाच. तिनं गणपतरावांना नम्रपणे विचारलं, गणपतरावांनी नम्रपणे नाही म्हटलं. मग ती माझ्याकडे वळली. "सर, विनंती करू शकते, जबरदस्ती नाही. आई आणि मूल एकाच रांगेत आहेत, त्यामुळे नियमात बसतं. आणि," तिनं हातातल्या यंत्रात पाहिलं, "आधी तुम्हाला तीन सीट सलग मिळाल्या होत्या. काल तुम्हीच बदलल्या."

  रोशनी वळली.

"बाबा, तुम्ही बदलल्या?"

सुनेनं सासऱ्याकडे कसं पाहावं याचे नियम आहेत. ते तिनं सगळे पाळले, आणि तरी मी अर्धा फूट लहान झालो. "मनोहरराव म्हणाले होते…" असं मी सुरू केलं आणि मधेच सोडलं. सिंगापूरचा विषय काढण्यासारखी ती वेळ नव्हती.

समोरून घोषणा झाली, दारं लागली. पट्टे बांधा. आता उठता येणार नव्हतं. सीटांच्या फटीतून मला मैत्री दिसत होती. ओठ पूर्ण बाहेर. नाकपुड्या फुगल्या. तिचा हात हवेत उठला, आईच्या कानाकडे. मधे गणपतरावांचं धोतर, कोट, टोपी असा सातपुडा. रोशनीनं एका हातानं बाळ धरून दुसरा हात मैत्रीकडे केला, पण बाळाचा पट्टा तिच्याच पट्ट्यात अडकवलेला, तिला वाकता येईना. "मैत्री, बाळा, इकडं पाहा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.  जागेचं काम माझ्याकडे दिलं होतं पोरीनं.

तेव्हा माझ्या शेजारून अंजनाबाई पुढे वाकली. फटीत तोंड घालून हळूच म्हणाली, "गणपतभाऊ."

"उठणार नाही मी."

"उठू नका नं. बसूनच राहा. जागा तुमचीच हाये. एक मांगू का?"

"काय?"

"कान."

गणपतराव सीटमध्येच थोडे उडाले. "काय?"

"डावा कान. आमची पोरगी घाबरली. तिले अशा वेळी कोणाचा तरी कान धरा लागते. माय तिकडं अडकली. उमरेडच्या बसमध्ये लेकरू कोणी मांगून घेते का, भाऊ? जो बसला तोच हात पसरते, उभ्या बाईचं लेकरू मांडीवर घेते. माह्या प्रेमानंद असाच मोठा झाला, लोकाइच्या मांडीवर. अन् लेकरू मांडीवर आलं की माणूस आपोआप सरकते, म्हणते, बाई, तुम्हीही टेका."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. दिघोरी नाक्याच्या आत खिडकी कशी मिळायची, ते मला आज कळत होतं, आणि तेही विमानात. मी धावत होतो, रुमाल फेकत होतो, जागा जिंकत होतो. ही बाई नुसतं लेकरू देत होती आणि बसभर नातेवाईक करत होती. माझ्या रुमालानं जागा मिळायची. तिच्या पद्धतीनं जागा देणाराच खूश व्हायचा. याला विद्या म्हणतात. बाकी सगळी धावपळ.

 विमान सरकायला लागलं. मग गणपतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान मैत्रीकडे कलती केली. "घे वं माय. कानाचं काय, बसूनच हाये तो."

मैत्रीनं कान तपासला.  केस होते, माझ्यापेक्षा जास्त. तिनं पाळी बोटांत धरली. थोडी चोळली. खालचा ओठ हळूहळू आत गेला.

विमानानं जोर धरला तेव्हाच मला दिसलं, गणपतरावांचे दोन्ही हात टोपी पिळत होते. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मैत्री पुण्याची असल्यामुळे शुद्ध बोलते. तिचा आवाज फटीतून स्पष्ट आला. "आजोबा, तुम्ही पहिल्यांदा बसलात का?"

"हौ."

"घाबरू नका. मी धरलंय."

"सोडू नको वं माय."

"नाही सोडत. तुम्हाला खिडकीतून बघायचंय?"

"नाही नाही! म्हणून तं तिकीट काढताना पोराले, रजतले सांगितलं, मधलीच दे. दोन्हीकडून माणूस पाह्यजे म्हटलं."

म्हणजे जगात ज्या एका माणसाला मधलीच सीट हवी होती, तो आमच्या रांगेत आला होता. मनोहररावांचा सिद्धांत उमरेडच्या एका कापडवाल्यानं मोडून टाकला. मला हसू यायला हवं होतं, पण त्याच वेळी विमानानं जमीन सोडली आणि मी विमानाच्या बांधणीचा विचार करू लागलो. त्यांनी सगळं फार विचारपूर्वक केलेलं असतं. दोन खुर्च्यांच्या मधला तो दांडा असतो ना, आपण वर जाताना धरतो तो, त्यालासुद्धा गादी इतकी मऊ आणि उबदार लावतात की वाटतं, धरूनच बसावं. मी विमान सरळ होईपर्यंत, आणि नंतर ढगांत धक्के बसले तेव्हाही, केवळ कौतुकानं तो धरून बसलो होतो.

भोंगा वाजला नाही. बाळ सगळा वेळ घोरत होतं. रोशनीनं एकदा वळून सासूकडे पाहिलं आणि हसली. माझ्याकडेही पाहिलं, पण माझ्या वाट्याचं हसू पुढच्या महिन्यात येईल असं वाटलं.

पुण्याला उतरलो. चाकं टेकायच्या आत सगळं विमान उभं राहिलं, बॅगा निघाल्या, कोपरं चालू झाली. ओळखीचं दृश्य. फक्त एकवीस-बीमधला माणूस बसून होता. मान डावीकडे वाकडी, कान भिवापुरी मिरचीसारखा लाल. मैत्री त्यांच्या दंडावर झोपली होती, आणि बोटांत पाळी तशीच.

विमान रिकामं झालं. हवाईसुंदरी आली. "सर, उतरायचंय आता."

गणपतरावांनी मान न हलवता तोंडावर बोट ठेवलं. "लेकरू झोपून राहिलं. उठलं की उतरतो."

"पण सर, विमान पुढे जायचंय."

"जाऊ द्या नं. मी कुठं अडवलं? पण हे जागा भरली हाये." आणि मग उमरेडचा तो माणूस असं वाक्य बोलला, की माझा जन्म सार्थकी लागला. "रुमाल टाकून हाये समजा. टाकलेला रुमाल उचलत नसतात, बाई."

 हवाईसुंदरीनं माझा रुमाल, जो तिनं कुठंतरी सांभाळून ठेवला होता, घडी घालून माझ्या हातात दिला आणि पुढे जाऊन कोणाला तरी म्हणाली, "दोन मिनिटं थांबा." सगळ्यांच्या आधी निघालेलं आमचं कुटुंब सगळ्यांच्या शेवटी उतरलं. मैत्री जिन्यावर जागी झाली आणि तिनं पहिली चौकशी केली ती कानाची.

बॅगा यायच्या पट्ट्यापाशी गणपतराव आम्हाला जयभीम करून आणि मैत्रीला खिशातली चिक्की देऊन बाहेर न्यायला आलेल्या रजतकडे गेले. जाताना मान जरा डावीकडेच होती. मी अंजनाबाईजवळ उभा राहिलो. माणसानं मोठेपण घ्यायचं तर कधीतरी विचारावंच लागतं.

"ते घाबरले हायेत, हे तुले कसं समजलं? मी तं समजलो माणूस हट्टी हाये."

"त्यात काय? माणूस घाबरला की असाच कायदा बोलते. 'लिहून हाये, नियम हाये.' घरी पाहतेच नं मी."

"मी कधी घाबरलो, वं?"

 तिनं बांगड्या वर सरकवल्या आणि मनगट माझ्यासमोर धरलं. त्यावर बोटांचे लाल वळ उठले होते, चांगले रुंद, आणि मधल्या वळाला माझ्या अंगठीच्या कड्याचा ठसा.

विमानाच्या दांड्याला एवढी मऊ गादी का असते, ते मला कळलं. ही पुण्यापर्यंत एक शब्द बोलली नव्हती.

मी इकडं तिकडं पाहिलं. बॅगा गोल फिरत होत्या, लोक आपापल्या बॅगेवर झडप घालत होते. मी खिशातून रुमाल काढला, झटकला आणि तिच्या मनगटावर नीट पसरून ठेवला.

"हे काय?" अंजनाबाई म्हणाली.

"जागा धरून ठेवतो," मी म्हटलं. "परत जाताना लागेन."